गाणं कुठंच अडखळलं नाही

त्या आकाशपाळण्याची उंची मी सांगत नाही. खरी सांगितली तर तुम्हाला पटणार नाही, आणि पटेल अशी सांगितली तर मला झोप लागणार नाही. एवढंच सांगतो, की वरच्या टोकाला नेलेल्या पाळण्याचा रंग खालच्यापेक्षा लवकर वाळायचा, सूर्य जवळ पडायचा ना. पाळणे सगळे मीच रंगवले होते. प्रत्येकावर एकेक पक्षी काढला होता. घारीचा पाळणा ओला होता तेव्हा एक खरी घार येऊन त्या चित्राशी भांडून गेली, आणि चित्रातल्या घारीनं मान वळवली ती आजतागायत तशीच आहे. लोक म्हणतात मी मान वाकडी काढली. लोकांना काय.

तर हा पाळणा एका करमणुकीच्या बागेत उभा राहत होता. बागेच्या मालकांनी स्वतःच्या बागेवर स्वतःच गाणं लिहिलं होतं. पहिल्या कडव्यात बाग, दुसऱ्यात तलाव आणि बदकं, तिसऱ्यापासून पुढं मालक. वडील, आजोबा, मिशी, हिंमत, सगळ्यांची कडवी होती. बायकोच्या माहेराला एक ओळ होती, तीही यमक जुळत होतं म्हणून. पाळणा फिरायला लागला की हे गाणं वाजलं पाहिजे, अशी त्यांची अट होती.

पाळणा चालवणारं इलेक्ट्रॉनिक कार्ड जराथांबे यांनी बनवलं होतं. हे त्यांचं आडनाव नव्हे. ते कामात असताना तुम्ही हाक मारली की एक बोट वर करून म्हणायचे, जरा थांबा, हातातली ओळ पुरी करायचे आणि मग संपूर्ण तुमचे व्हायचे. तुमचं ऐकून झालं की पुन्हा नेमक्या त्याच ठिकाणी काम उचलायचे. घराच्या मागच्या खोलीत त्यांचं वर्कशॉप होतं. एक लांब टेबल, एका टोकाला ते आणि दुसऱ्या टोकाला त्यांचा मेहुणा. बायकोचा हा धाकटा भाऊ शाळा संपवून त्यांच्या घरी आला तो तिथलाच झाला. कथलाचा डाग कसा द्यायचा, तार कशी सोलायची, प्रोग्राम कसा लिहायचा, सगळं जराथांब्यांनी त्याला हाताला धरून शिकवलं होतं. माझ्यासमोर ते एकदा म्हणाले होते, हा माझा उजवा हात. मी म्हटलं, मग तुमच्या खांद्याला लोंबतोय तो कुणाचा. ते हसले. मेहुणा हसला नाही.

मी पाळण्यांना रंग देत असताना जराथांबे नियंत्रणाच्या खोपट्यात कार्ड बसवत होते, तेव्हा मला त्यांनी त्या नखाएवढ्या चिपची गोष्ट सांगितली. मायक्रोकंट्रोलर म्हणतात तिला. ती म्हणे एकटी बाई आहे, एका वेळी एकच काम करते. तिचं रोजचं काम म्हणजे मोटरचा वेग सांभाळणं. ते करत असताना कुणीतरी कोपराला ओढतं, त्याला इंटरप्ट म्हणायचं. बाई आपल्या ओळीवर बोट ठेवते, ओढणाऱ्याचं काम करून येते आणि बोट ठेवलेल्या जागेपासून पुढं सुरू करते. मी म्हटलं, ही तर तुमचीच बहीण झाली.

पण दोघांनी एकदम ओढलं तर आधी कुणाकडं जायचं, हे बाईला आपल्या मनानं ठरवता येत नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्यानं तो मानाचा क्रम आधीच ठरवून द्यायचा. वरच्या मानाचं काम चालू असताना खालच्यानं कितीही ओढलं तरी त्याला ताटकळत बसावं लागतं. बसताना त्याच्या हातात एकच झेंडा असतो. तो एकदा वर केला काय आणि शंभरदा केला काय, चिपला एकच झेंडा दिसतो.

जराथांब्यांनी क्रम लावला होता तो असा. सगळ्यांच्या वर लाल बटण, थांबवायचं. त्याखाली लोहचुंबक. प्रत्येक पाळणा खालून गेला की ते चिपला सांगायचं, अमका पाळणा गेला, म्हणजे कुठल्या पाळण्यापाशी थांबायचं ते तिला कळायचं. आणि सर्वांत खाली गाणं. एकेक सूर वाजवायचा आणि बाजूला व्हायचं.

यात एक गंमत झाली. पाळणा चुंबकासमोरून गेला की चिप क्षणभर तिकडं जायची आणि गाण्याला उचकी लागायची. आता त्या उचक्या बाकी कुठंही लागल्या असत्या तरी चाललं असतं, पण एक लागायची नेमकी मालकांच्या नावावर. मालकांचा चेहरा पडला. जराथांबे म्हणाले की उचकी नको असेल तर गाण्याला वेगळी चिप देऊ, मागवली आहे, यायला वेळ लागेल. मालक म्हणाले, उद्घाटन ठरलंय, पाहुण्यांसमोर मी उचक्या देणार नाही. जराथांबे म्हणाले, मग उद्घाटन पुढं ढकला. असं मालकांना आयुष्यात कुणी सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांना ते नीट ऐकूच आलं नाही.

आणि एक माणूस सांगायचं राहिलं. खोपट्यात बसून पाळणा चालू-बंद करायला एक बाई ठेवल्या होत्या, त्यांना आम्ही बटणबाई म्हणायचो. त्या आधी दुसऱ्या गावी अशाच एका पाळण्यावर होत्या. तिथला थांबवायचा दांडा ऐनवेळी अडकला होता आणि त्यात काय झालं ते त्या सांगत नसत. मलाही नाही सांगितलं, आणि मला लोक न विचारता सांगतात. हे काम घेण्याआधी त्यांनी जराथांब्यांना एकच प्रश्न विचारला होता, मी दाबलं की थांबेल ना. तेव्हा जराथांबे बोट वर न करता उत्तरले होते.

"तुमचं बटण सगळ्यांच्या वर. गाण्याच्या, मालकांच्या, माझ्याही वर. हा माझा शब्द."

त्या शब्दावर बाई त्या स्टुलावर बसल्या होत्या.

पुढं दोनेक दिवसांत मेहुण्यानं येऊन सांगितलं की गाण्याची उचकी गेली. स्पीकरची तार सैल होती, ती आवळली. मालक खूश झाले. त्यांनी मेहुण्याच्या पाठीवर अशी थाप मारली की तो बिचारा दोन दिवस पुढं वाकून चालत होता. जराथांबे क्षणभर विचारात पडले, पण आपला उजवा हात सांगतोय म्हटल्यावर डाव्यानं काय शंका घ्यायची. त्यांनी कार्ड उघडून पाहिलं नाही.

उद्घाटनाच्या सकाळी फीत कापली गेली. मालक सहकुटुंब मोराच्या पाळण्यात बसले. आम्ही तिघं घारीच्या पाळण्यात. एका बाजूला जराथांबे, दुसऱ्या बाजूला मेहुणा आणि तोल राहावा म्हणून मधे मी. जराथांब्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, खाली कुंपणापाशी उभ्या होत्या. त्यांना उंचीची भीती, असं त्या म्हणाल्या.

बटणबाईंनी हिरवं बटण दाबलं. चक्र फिरू लागलं आणि गाणं सुरू झालं. काय सांगू, लोण्यावरून सुरी फिरावी तसं. मालकांचं नाव आलं आणि सरळ निघून गेलं. खालच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मालकांनी वरून हात हलवला.

ठरल्याप्रमाणे थोडे फेरे झाले की थांबायचं होतं. आम्ही खालून जाताना बटणबाईंनी लाल बटण दाबलेलं मी पाहिलं. चक्र थांबलं नाही. पुढच्या फेऱ्यालाही नाही. मालकांना वाटलं, आपल्या मानासाठी जास्तीचे फेरे देताहेत, म्हणून ते आणखी जोरात हात हलवू लागले. मग त्यांच्या सासूबाईंना गरगरायला लागलं. सासूबाई गरगरल्यावर काय काय बोलल्या ते आजोबांच्या कडव्यात मिसळून गेलं, आणि खरं सांगतो, कडवं सुधारलं.

मग सगळा ओरडा सुरू झाला. खालून कुणी म्हणालं, मेन स्विच बंद करा. मेन स्विचच्या पेटीला कुलूप होतं. मधेच कुणी आपलं गाणं बंद करू नये म्हणून मालकांनी ते स्वतः लावलं होतं आणि किल्ली त्यांच्या खिशात, म्हणजे मोराच्या पाळण्यात फिरत होती. त्यांनी ती खाली भिरकावली. ती तलावात पडली आणि एका बदकानं गिळली. बदकाचा फोटो माझ्याकडं आहे, पण त्यात किल्ली दिसत नाही, कारण ती आत आहे.

या सगळ्या गोंधळात जराथांब्यांचं लक्ष भलतीकडंच होतं. ते खाली वाकून चुंबकाकडं बघत होते आणि प्रत्येक पाळणा त्याच्यासमोरून गेला की गुडघ्यावर बोट आपटत होते.

"गाणं अडखळत नाहीये," ते म्हणाले.

मी म्हटलं, झ्याक वाजतंय की. ते म्हणाले, झ्याक वाजतंय तेच वाईट आहे. मग ते मला समजावायला लागले, पण समजावत होते स्वतःलाच. चुंबक चिपला ओढतंय, चिप जात नाही. लाल बटण ओढतंय, तरी जात नाही, मोटर आपली शेवटच्या वेगानं फिरतेय. म्हणजे ती कुणाकडं तरी बसलेली आहे, आणि तो कुणीतरी दोघांच्याही वरच्या मानाचा आहे. आता चक्रावर आवाज कुणाचा येतोय.

एवढं बोलून त्यांनी माझ्या पोटावरून पलीकडं पाहिलं. मेहुणा क्षितिज बघत होता. त्या उंचीवरून क्षितिज बरंच होतं.

"गाणं वर घेतलंस?"

मेहुणा म्हणाला की मालक मागं लागले होते. मग म्हणाला की वेगळी चिप येईपर्यंतच. जराथांब्यांनी विचारलं, लाल बटणाच्याही वर?  आम्ही टोकावरून पलीकडं उतरलो, खालून गेलो, बटणबाई दोन्ही हातांनी बटण दाबताना दिसल्या, आणि पुन्हा वर चढू लागलो.

चढता चढता बाकीचं निघालं. त्यानं नुसता मान बदलला नव्हता. एकेक सूर वाजवून बाजूला व्हायचं सोडून, अख्खं गाणंच त्या इंटरप्टच्या पोटात कोंबलं होतं. चिप एकदा आत शिरली की शेवटचा सूर वाजेपर्यंत बाहेर येणार नव्हती. त्यानं ते तपासलंही होतं, पण एकच कडवं भरून. कडवं संपलं, बटण लागू पडलं, चक्र थांबलं, त्याला वाटलं जमलं. मालकांनी उद्घाटनासाठी सगळी कडवी भरायला लावली, तेव्हा हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

"इंटरप्टमधे पाहुण्यासारखं जायचं, उभ्या उभ्या. पाणीसुद्धा न घेता परत फिरायचं," जराथांबे म्हणाले. "पहिल्या दिवशी शिकवलं होतं तुला."

आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं, असं मला मधे बसून वाटत होतं.

मिशीचं कडवं झालं, हिंमतीचं झालं, माहेराची ओळ आली आणि गेली. सासूबाई शांत झाल्या होत्या, म्हणजे त्यांच्यात काही उरलं नव्हतं. मग एकदाचा शेवटचा सूर वाजला आणि त्याच क्षणी चक्र थांबलं. बाईंनी किती वेळा दाबलं असेल देव जाणे, झेंडा एकच होता, तो चिपला दिसला आणि तिनं इमानानं ब्रेक लावला. पण एवढा वेळ चुंबकाकडं ती गेलीच नव्हती, त्यामुळे कुठला पाळणा कुठं आहे याचा तिला पत्ता नव्हता. घारीचा पाळणा नेमका टोकावर थांबला.

वर फार शांत होतं. वाऱ्यानं पाळणा किंचित हलत होता. मेहुण्याला ती शांतता सोसली नाही, नाहीतर तो बोलला नसता.

"ताईला माहीत होतं, भाऊजी."

जराथांब्यांनी त्याच्याकडं वळूनही पाहिलं नाही. मेहुणा पुढं सांगत गेला. मालक म्हणाले होते की जमत नसेल तर दुसऱ्या कुणाकडं जाऊ. हे त्यानं ताईला सांगितलं. ताई म्हणाली, तू कर, तुझं नाव होईल, कधीपर्यंत दुसऱ्याच्या टेबलाच्या टोकाला बसणार आहेस. आणि म्हणाली, त्यांना सांगू नकोस, ते अडवतील.

"केव्हा केलंस?"

"त्या दुपारी. ताईनं तुम्हाला लिंबं आणायला पाठवलं होतं ना, तेव्हा."

जराथांब्यांनी आपले तळहात उलटून पाहिले.

"लिंबं घरात होती," ते म्हणाले. "मी आणली तेव्हा टोपलीत आधीचीच भरपूर होती. मला वाटलं, विसरली असेल."

मला तेव्हा एकही गोष्ट सुचली नाही. घार, बदक, सासूबाई, सगळं जवळ होतं, पण तोंड उघडेना.

हिरवं बटण पुन्हा दाबायला कुणी तयार नव्हतं, म्हणून चार गडी लावून, हातानं चक्र ओढून खालच्यांनी आम्हाला उतरवलं. मोराचा पाळणा आमच्याआधी उतरला होता, त्यामुळे मालकांना दम घ्यायला पुरेसा वेळ मिळाला होता. त्यांनी विचारलं, हे कुणाचं काम. मेहुण्यानं एकदा कुंपणाकडं पाहिलं.

"प्रोग्राम भाऊजींचा आहे," तो म्हणाला. "मी फक्त गाणं भरलं."

यातला 'फक्त' सोडला तर एकही शब्द तसा खोटा नव्हता. जराथांब्यांनी वहिनींकडं पाहिलं. एवढा गोंधळ झाला, नवरा आणि भाऊ टोकावर लटकले, पण काय झालं असं त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. त्या पर्सचा पट्टा खांद्यावर नीट करत राहिल्या. तो पट्टा अगोदरच नीट होता.

बटणबाई खोपट्यातून बाहेर आल्या. त्यांचं बोट सुजून जाड झालं होतं. मालकांना त्यांनी बाजूला सारलं, अक्षरशः, कोपरानं, आणि जराथांब्यांसमोर उभ्या राहिल्या.

"मी दाबत होते. तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता," जराथांबे म्हणाले.

एवढंच म्हणाले. माझ्या जिभेला कंड सुटली. मी तोंड उघडणार तोच त्यांचा बूट माझ्या अंगठ्यावर आला आणि तिथंच राहिला. मग ते खोपट्यात गेले, मांडीवर लॅपटॉप घेतला आणि क्रम होता तसा लावला. लाल बटण वर, मग चुंबक, गाणं तळाला, एकेक सूर. काम असं काही मोठं नव्हतं. माणसं चहा पिऊन येईपर्यंत झालंसुद्धा.

तपासायला कुणीतरी आत बसायला हवं होतं, कारण रिकामं चक्र कसंही थांबतं, खरा कस वजन असल्यावर लागतो. गडी एकमेकांकडं बघू लागले. मालक आपल्या सासूबाईंकडं बघू लागले. मेहुणा बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. तेवढ्यात वहिनी कुंपणाच्या फाटकातून आल्या, कुणाशी न बोलता समोरच्या पाळण्यात चढल्या आणि स्वतःच कडी लावून घेतली. उंचीची भीती वाटणारी बाई.

हिरवं बटण दाबलं. गाणं लागलं, पाळण्यागणिक उचकी देत. मालकांचं नाव पुन्हा अर्ध्यावर तुटलं आणि या वेळी कुणी हसलं नाही. वहिनी वर गेल्या, खाली आल्या, पुन्हा वर गेल्या. डोळे मिटलेले होते. बटणबाईंनी सुजलेलं बोट बटणावर टेकवलं, एकदाच. मधल्या कडव्यात, ऐन सुरात चक्र मंदावलं आणि वहिनींचा पाळणा खालच्या फळीला लागून थांबला.

जराथांब्यांनी कडी काढली, पण वाट सोडली नाही.

"झालं ना नीट," वहिनी म्हणाल्या. "चला आता घरी."

"मला विचारायचं होतंस."

"तुम्ही नाही म्हणाला असता."

"हो."

"म्हणूनच नाही विचारलं."

हे त्यांनी इतक्या साधेपणानं सांगितलं, की क्षणभर मलाही ते बरोबर वाटलं. जराथांब्यांनी मान हलवली, कडी सोडली आणि बाजूला झाले. वहिनी उतरल्या. भावाला घेऊन घरी गेल्या. जराथांबे गेले नाहीत. संध्याकाळी त्यांनी माणूस पाठवून आपली अवजारं तेवढी मागवली आणि माझ्या रंगाच्या कोठीशेजारची खोली घेतली. ते लांब टेबल मेहुण्याकडं राहिलं, त्याची दोन्ही टोकं. त्याचं काम बरं चालतं. तिथल्या पाटीवर आता त्याचं नाव आहे. पाटी रंगवायला तो माझ्याकडं आला होता, मी म्हटलं हात दुखतोय.

तर पोटात ठेवणं हा काही माझा धर्म नाही. वहिनी फाटकाबाहेर पडल्या न पडल्या तोच मी बटणबाईंना सगळं सांगितलं. क्रम कुणी बदलला, कुणाच्या सांगण्यावरून, लिंबं, सगळं. एकही शब्द वाढवला नाही, हे माझ्या तोंडून ऐकून तुम्हाला खरं वाटणार नाही. मला वाटलं, बाईंच्या मनातलं किल्मिष जाईल. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि बोट गार पाण्यात बुडवून तशाच जराथांब्यांकडं गेल्या. भांडंही बरोबर नेलं. मी मागोमाग.

"तुम्ही नाही केलं ते," त्या म्हणाल्या. "कळलं मला."

जराथांब्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी दाराच्या फळीचा रंग तपासू लागलो.

"पण जे दुसऱ्याच्याही हातात होतं, त्याचा शब्द तुम्ही मला एकट्यानं दिलात कसा?"

यावर त्यांनी बोट वर केलं नाही, मान खाली घातली नाही, काहीच केलं नाही.  बाई भांड्यातलं पाणी दाराबाहेर ओतून कामावर निघून गेल्या.

त्यानंतर जराथांब्यांनी कुणाला शब्द दिलेला मी ऐकला नाही. कार्ड बनवतात, तपासतात, माणसापुढं ठेवतात आणि म्हणतात, तुम्ही स्वतः दाबून बघा. तो दाबेपर्यंत ते भिंतीकडं तोंड करून उभे राहतात.